तुम्ही विचारलेत म्हणून: जिनिव्हातल्या ठरावाचा पुण्यात काय उपयोग?

कामगार कायदा शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्या घरकामगार स्त्रियांच्या एका संघटनेचे कागदोपत्री काम मी पाहतो. त्यामुळे व्याख्यानाचा विषय कोणताही असो, शेवटी श्रोत्यांमधून एक प्रश्न हमखास येतो: संयुक्त राष्ट्रे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, त्यांच्या परिषदा आणि करार, यांनी आजवर सामान्य माणसाचे काय भले केले? विचारणाऱ्याच्या स्वरात उत्तर बहुधा आधीच असते. आपल्या शहरात प्रश्न विचारणे हा मत मांडण्याचाच एक रिवाज आहे. तरीही प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

त्यामागची चीड मला मान्य आहे. सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की ठराव तिथेच अडतो. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा 1979 सालचा करार, ज्याला सगळे ‘सीडॉ’ म्हणतात, त्यावर अमेरिकेने 1980 मध्ये सही केली, पण मंजुरी, म्हणजे तो पाळण्याचे बंधन, स्वीकारलेली नाही. आपणही मागे नाही: छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली आणि मंजुरी अजून बाकीच आहे. तेव्हा करार झाला म्हणजे अन्याय संपला, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की करार स्वतःहून कुणाचेही रक्षण करत नाही, पण जो आधीच भांडायला उभा राहिला आहे त्याला तो पाय रोवायला जागा देतो. भांडणारा नसेल तर तो कपाटात पडून राहतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण राजस्थानातले आहे. भंवरीदेवी या राज्य सरकारच्या कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, म्हणून काम करत आणि बालविवाहांना विरोध करत. त्याचा सूड म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्काराचा अत्याचार झाला. त्यानंतर स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशात स्वतंत्र कायदाच नव्हता. भारताने 1993 मध्ये सीडॉला मंजुरी दिली होती आणि त्या कराराशी विसंगत असा कोणताही देशी कायदा आड येत नव्हता. न्यायालयाने तोच आधार घेऊन 13 ऑगस्ट 1997 रोजी विशाखा निकालातील मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि संसदेने कायदा करेपर्यंत ती बंधनकारक ठरवली. संसदेला त्यासाठी 2013 साल उजाडावे लागले, ही गोष्ट वेगळी. पण त्या कायद्याने कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहते घर घातले, घरकामगार स्त्रीचा स्वतंत्र उल्लेख केला आणि तिच्या तक्रारीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात समितीची तरतूद केली. एरंडवण्यातल्या बंगल्यात भांडी घासणाऱ्या बाईला आज जे कलम दाखवता येते, त्याचे एक मूळ न्यूयॉर्कमध्ये संमत झालेल्या कागदात आहे आणि दुसरे राजस्थानातल्या एका बाईच्या हट्टात.

दुसरे उदाहरण जुने आहे आणि त्याचा धागा पुण्याशी जुळतो. 1919 मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते आणि त्यांची नेमणूक सरकारने केली होती. कामगारांचा प्रतिनिधी त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय करून निवडावा असा नियम होता, पण विचारायचे तर देशव्यापी संघटनाच अस्तित्वात नव्हती. पुढच्याच वर्षी, 31 ऑक्टोबर 1920 रोजी, मुंबईत आयटकची, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस या देशव्यापी कामगार संघटनेची, स्थापना झाली, तिच्या कारणांपैकी हे एक ठळक कारण होते. त्या परिषदेने उद्योगांसाठी आठवड्याला 48 तासांचे तत्त्व मान्य केले आणि ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र 60 तासांची वेगळी तरतूद केली. वसाहतीतल्या माणसाला 12 तास जास्त राबवण्याची ती सवलत होती, यात शंका नाही. परंतु कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी तोवर दिवसाला 12 तासांची मर्यादा होती. 1922 च्या दुरुस्तीने ती 11 तासांवर आली आणि आठवड्याला 60 तासांची मर्यादा कारखान्यांच्या कायद्यात आली. अपुरे होते, अपमानास्पदही होते, पण गिरणीतून घरी जायची वेळ बदलली.

आता आमच्या संघटनेकडे येतो, कारण प्रश्नाची खरी कसोटी इथे लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा 189 क्रमांकाचा करार जिनिव्हात 16 जून 2011 रोजी संमत झाला. आठवड्यातून सलग किमान 24 तास विश्रांती, हे त्याचे दहावे कलम सांगते. भारताने बाजूने मत दिले, मंजुरी मात्र आजतागायत दिलेली नाही. महाराष्ट्राचा 2008 चा कायदा कल्याण मंडळाचा आहे. नोंदणी आणि आर्थिक मदत यांपुरता त्याचा विचार असून साप्ताहिक सुट्टीला तो हात घालत नाही. दांडेकर पुलाजवळच्या एका बैठकीत मी ते दहावे कलम मराठीत वाचून दाखवले आणि मंजुरीची अडचणही सांगितली, तेव्हा सहकारनगरात पाच घरची कामे करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे सोयरिकीला हो म्हणाले आणि मांडवात आलेच नाहीत.” सभा हसली. मावशींनी मात्र तो मराठी कागद मागून घेतला आणि ज्या घरी सर्वांत जास्त वेळ जातो तिथल्या काकूंपुढे ठेवला. काकूंचे उत्तर ठरलेले होते: “अगं, रविवारीच तर सगळे घरी असतात.” बरीच बोलणी झाल्यावर महिन्यातले दोन बुधवार पगारी सुट्टी ठरली. त्या कागदाला कायद्याचे बळ शून्य होते आणि दोन बुधवार म्हणजे दहावे कलम नव्हे, हेही मावशींना पुरते ठाऊक होते.

ज्या कामगार स्त्रिया देशाची सीमा ओलांडून जातात, त्यांची गोष्ट अधिक कठीण. आखातात घरकामाला गेलेल्या बाईपर्यंत महाराष्ट्राचा कायदा पोचत नाही आणि वकिलातीच्या विनवणीलाही मर्यादा असतात. कुवेतने 2015 मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा करून साप्ताहिक सुट्टी दिली, आणि हे 189 क्रमांकाच्या कराराला मंजुरी न देता केले. तिथे तो कितपत पाळला जातो हा प्रश्न आहेच, पण जी सुट्टी कुवेतच्या कायद्यात लिहिलेली आहे ती कोथरूडसाठी कुठेही लिहिलेली नाही, हे ऐकून सभागृह जरा गप्प होते.

यापुढचा प्रश्न साहजिकच येतो: भारताने मंजुरी दिली तर उद्या काय बदलेल? उद्या काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये घरकामगारांसाठीच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. मंजुरी मिळाली तर असा कायदा करणे हा सरकारच्या मर्जीचा विषय राहणार नाही. अंमलबजावणीचा अहवाल सरकारला ठरावीक मुदतीने जिनिव्हाला पाठवावा लागेल, त्याच्या प्रती देशातल्या प्रातिनिधिक संघटनांना द्याव्या लागतील आणि कामगार संघटनांना त्यावर आपले म्हणणे नोंदवता येईल. सरकारने ‘सर्व तरतुदी पाळल्या जातात’ असे लिहिले, तर ‘सहकारनगरात पाळल्या जात नाहीत’ असे सभा, तारीख आणि सह्यांनिशी कळवण्याचा रस्ता आमच्यासाठी उघडेल. घरात तपासणीला कुणी कसे शिरायचे आणि कुटुंबाचा खासगीपणा कसा राखायचा, यावर तेव्हा खरी भांडणे होतील, आणि त्यात प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बरेच जण मालकांच्या बाजूने बसलेले असतील.