सड्यावरचा मासा आणि नऊ वर्षांचं कार्ड

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

रात्रीचे साडेअकरा. मेशरूम, म्हणजे फोटोंवरून त्रिमिती मॉडेल करणारं सॉफ्टवेअर, आज पुन्हा मधेच बंद पडलं. पावसाआधी, मे महिन्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काढलेले ४१२ फोटो आहेत. त्यातून कातळावर कोरलेल्या माशाचं त्रिमिती मॉडेल करायचं काम गणपतीपासून रेंगाळलंय. तिसऱ्यांदा तेच झालं.

दिवाळीला मुंबईहून पुतण्या आला होता. त्याने कॅबिनेटची काच काढून आत एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, दहा-साठ अजून चालवताय? ४०६० घ्या आणि मोकळे व्हा." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. जीटीएक्स १०६० हे २०१६ चं ग्राफिक्स कार्ड, ६ जीबी मेमरीचं. मी ते लग्नांचे व्हिडिओ एडिट करायला घेतलं होतं, तेव्हा कातळशिल्पांचा विषयही डोक्यात नव्हता.

आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "मशीन तापतंय म्हणून नवं मशीन आणायचं, तर घर तापतंय त्याचं काय करणार?" पत्र्याखालच्या खोलीत बसून तिला काय उत्तर देणार!

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

देवळात दिवे लावून आलो आणि कार्डांची माहिती वाचत बसलो.

माझ्या कामाला एनव्हीडियाचंच कार्ड लागतं, कारण मेशरूममध्ये खोलीचे (कुठला भाग किती खोल आहे त्याचे) नकाशे काढायचा टप्पा कुडावर, म्हणजे त्या कंपनीच्या कार्डांवर गणितं करायच्या प्रणालीवर, चालतो. त्यामुळे निवड दोघांतच. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, पण ते १७० वॅट खातं. पुतण्याचं ४०६० नवीन पिढीचं, ११५ वॅटमध्ये भागतं, पण मेमरी ८ जीबीच. शिवाय ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, आठच लेनवर चालतं, आणि माझा बी४५० बोर्ड राइझन २६०० प्रोसेसरबरोबर त्या रस्त्याचा तिसऱ्या पिढीचाच वेग देतो. म्हणजे तिथेही थोडं पाणी सोडावं लागणार. दोन्हींसाठी कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते आणि माझा ४५० चा आहे. म्हणजे कार्डाचे २५ ते ३० हजार वेगळे, सप्लायचे वेगळे.

आमच्याकडे आता आंब्याच्या फवारणीचे दिवस. पन्नास कलमांची औषधं आणि मजुरी याच महिन्यात द्यायची असते. हा हिशोब डोळ्यांआड करून कार्ड घेणं मला जमणार नाही.

पण उलट बाजूही खरी आहे. माझं कार्ड पास्कल नावाच्या पिढीचं. कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबरपर्यंतच मिळणार होते. यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. कुडाच्या १३ व्या आवृत्तीने तर या पिढीला वगळलंच. उद्या मेशरूम त्या आवृत्तीवर गेलं तर नवी मेशरूम माझ्याकडे चालणार नाही. आज जे बसवलेलं आहे ते मात्र चालतच राहील, आणि मला माशासाठी तेवढं पुरेसं आहे.

६ नोव्हेंबर

सकाळी कार्ड बाहेर काढलं. पंख्यात धुळीची गादी, हीटसिंकच्या पात्यांवर पांढरट बुरशीसारखा थर, मागच्या पट्टीवर गंज. समुद्र इथून जवळच, खारा वारा कुठेही शिरतो. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या कपाटात मी बल्ब लावून ठेवतो, पण कॉम्प्युटरचा विचार कधी केला नाही, याचं खरंच वाईट वाटलं. ब्रश, ब्लोअर, नवी थर्मल पेस्ट. पूर्वी पूर्ण भार पडला की तापमान ८३ अंशांवर जायचं आणि कार्ड आपोआप हळू व्हायचं. आता ७१.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मुद्दाम दिवसभर टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या भागावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी, उघडा ठेवला. हे आधीच करायला हवं होतं.

खोलीच्या नकाशांच्या टप्प्यात कार्डाची मेमरी ४ जीबीच्या थोडी वर गेली, सहाला भिडलीच नाही. मेशरूम ते काम तुकडे पाडून करतं. वेळ लागतो, सात-आठ तास, पण मी झोपलेलो असतो. मध्येच वीज गेली तरी झालेले तुकडे डिस्कवर राहतात आणि पुढून सुरू करता येतं. आमच्याकडे वाऱ्याची झुळूक आली तरी लाइट जाते, त्यामुळे हे फार मोलाचं आहे.

बंद पडतं ते त्यानंतर, मेश, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाची जाळी, विणायच्या टप्प्यात. तिथे ग्राफिक्स कार्ड स्वस्थ बसलेलं होतं, पंखासुद्धा फिरत नव्हता. रॅम मात्र १६ पैकी १५.७ जीबी भरली, डिस्कचा दिवा अखंड पेटला आणि खिडकी नाहीशी झाली. म्हणजे तिन्ही वेळा हेच झालं असणार. ३० हजारांचं कार्ड बसवलं असतं तरी मासा याच जागी अडकला असता!

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्ही गेम खेळता." चूक त्याची नाही, मीच त्याला काम समजावून सांगितलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

या आठवड्यात रत्नागिरीला जाऊन रॅम आणली. १६ जीबी आणखी. रॅमचे भाव गेल्या महिन्याभरात चढलेत. दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून मी दोनदा विचारलं. तरीही कार्डाच्या मानाने खूपच कमी.

काल रात्री मेश पूर्ण झाली.

हा मासा कशेळीच्या हत्तीसारखा प्रसिद्ध नाही. तो हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचं गोठणं ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. माझा मासा जेमतेम दोन मीटरचा, कुठल्याच यादीत नाही, आणि शेजारच्या जमिनीत चिरेखाण सुरू आहे. खाच दोन बोटं खोल, ठिकठिकाणी झिजलेली. दुपारी उभं राहिलात तर दिसतही नाही. सकाळचं तिरपं ऊन लागतं.

मॉडेलवर प्रकाश एका बाजूने खाली आणला तेव्हा शेपटीजवळ एक आडवी रेघ दिसली. फोटोंत ती मला कधी जाणवली नव्हती. जमीन ज्यांची आहे त्या आजोबांना लॅपटॉपवर दाखवली. ते बराच वेळ बोट फिरवत मासा उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "हयसर आमी भात वाळत घालायचो."

कार्ड तेच आहे. पुढच्या वर्षी आंबा चांगला गेला तर १२ जीबीवालं बघेन, कारण बारसूच्या बाजूची मोठी शिल्पं करायची इच्छा आहे आणि तिथे फोटो हजारांवर जातील. तोवर सड्यावरचं गवत वाळायला लागलंय. उद्या सकाळी साडेसहाला कोयता घेऊन निघायचं, कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात.