आमची वाटचाल : दर्जा भरण्यापासून घर विकण्यापर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात चुन्याच्या कामाने झाली. जुन्या दगडी घरांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायच्या, गिलावा करायचा, वर सफेदी मारायची, एवढंच. आज आम्ही जुन्या वस्तीतलं पडून राहिलेलं बैठं घर विकत घेतो, जोत्यापासून आढ्यापर्यंत दुरुस्त करतो आणि राहण्याजोगं करून विकतो. हा पसारा वाढला, कारण भिंतीवर दिसणारा दोष बहुतेक वेळा भिंतीत नसतोच. गिलावा फुगतो तो पन्हळ गळते म्हणून, आणि पन्हळ गळते ती वाशाचं टोक खचून तिचा उतार उलटला म्हणून. नुसता गिलावा करून दिला की तो पुन्हा फुगणार आणि नाव गिलाव्याचं खराब होणार. म्हणून काम भिंतीवरून आधी जमिनीत उतरलं, मग छपरावर चढलं.

चुना मात्र अजूनही मुख्य आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं आणि साध्या घरांत सिमेंट रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. त्याआधीच्या दगडी घराच्या सांध्यात सिमेंट दिसलं, तर ते नंतर कुणीतरी भरलेलं आहे असं समजावं. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीतलं पाणी त्यातून बाहेर पडतं, क्षार तिथेच साचतात आणि कालांतराने झिजतो तो सांधा. तो खरवडून परत भरता येतो. सिमेंट भरलं की ही वाट बंद होते. मग पाणी दगडातून वाट काढतं, क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागामागे वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटच्या रेषा तेवढ्या पुढे उरलेल्या आणि मधला दगड आत खाल्लेला, अशी भिंत दिसली की कारण शोधायची गरज नसते.

असं सिमेंट काढायचं ते छिन्नी-हातोडीने. ग्राइंडर लवकर काम उरकतो, पण अरुंद उभ्या सांध्यात त्याची चकती दगडाची कड कापतेच, आणि गेलेली कड परत येत नाही. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलवर खरवडायचं, कमीत कमी २५ मिलिमीटर. सुटी माती आणि भुकटी ब्रशने काढून भिंत भिजवायची. कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. मसाल्याचं प्रमाण एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू. हे प्रमाण आम्ही दर वेळी तपासतो. एका भांड्यात कोरडी वाळू काठोकाठ भरायची आणि मोजून पाणी ओतायचं. पाणी वर दिसेपर्यंत जेवढं मावलं, तेवढी वाळूच्या कणांमधली पोकळी, आणि तेवढाच चुना लागतो. चांगल्या वाळूत तो साधारण एकतृतीयांश निघतो. एकाच आकाराचे कण असलेली वाळू जास्त चुना खाते, आणि जास्त चुना म्हणजे आकसून पडणाऱ्या भेगा. वाळू कणीदार, धुतलेली, लहान-मोठ्या कणांची हवी. बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवली आणि वर गाळाचा जाड थर बसला, तर ती घ्यायची नाही.

कळीचा चुना आम्ही स्वतःच विरवतो. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उलट केलं तर ते एकदम उकळून अंगावर उडतं. भांडं धातूचं, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. चाळून घेतलेला चुना पाण्याच्या थराखाली निदान तीन महिने मुरू द्यायचा. न विरलेले खडे राहिले तर ते गिलाव्यात गेल्यावर विरतात आणि भिंतीवर खळगे उडतात. भरलेला सांधा थोडा घट्ट झाला की ताठ ब्रशच्या टोकांनी ठोकायचा. त्याने वर आलेली चुन्याची साय निघते, वाळूचा कण उघडा पडतो आणि हवा आत जाते. चुना सुकून नव्हे, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का होतो. त्याचा वेगही महिन्याला मिलिमीटरच्या आसपास. काम कुठवर पक्कं झालंय ते कळायला कोपऱ्यातला तुकडा मोडायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाकायचा. कच्चा भाग गडद गुलाबी होतो, पक्क्या भागाचा रंग बदलत नाही. बाहेरून एक फिकट कड आणि मध्ये गुलाबी गाभा असं दिसतं. त्यावरून पुढचा थर कधी चढवायचा ते ठरतं. तोवर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं, उन्हात आणि वाऱ्यात उघडं सोडायचं नाही. थंडी ५ अंशांखाली जाणार असेल तर काम धरायचंच नाही.

पाण्याचं काम नंतर अंगावर घेतलं. जुन्या वस्तीत रस्ता आणि अंगण दर दुरुस्तीला थोडं थोडं वर चढतं आणि घर मात्र होतं तिथेच राहतं. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीला आली की भिंतीचा पायथा ओला राहणारच. त्याला ‘जमिनीतली ओल’ म्हणून भिंतीला भोकं पाडून रसायन भरण्याचा सल्ला सर्रास मिळतो. दोन दगडी तोंडं आणि मध्ये खडी-मातीची भर अशी भिंत असेल तर ते रसायन सलग थर धरत नाही, आम्ही त्या वाटेला जात नाही. आधी बाहेरची जमीन खाली न्यायची, फरशीपासून १५० मिलिमीटर तरी. मग भिंतीपासून थोडं दूर चर खणून त्यात भोकांचा १०० मिलिमीटरचा पाइप, भोवती गाळणी कापड आणि खडी, उतार शंभराला एक. चर पायाच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये. जुन्या छोट्या घरांचा पाया अनेकदा हाताच्या खोलीवरच संपतो, म्हणून आधी एका जागी उकरून पाया पाहायचा आणि मगच चराची खोली ठरवायची.

पाणी थांबलं तरी भिंत लगेच कोरडी होत नाही. ठोकताळा असा की महिन्याला २५ मिलिमीटर. ४५० मिलिमीटरची भिंत एकाच बाजूने सुकत असेल तर दीड वर्ष. धंद्याच्या दृष्टीने हे महाग पडतं, पैसा अडकून राहतो. यावर आमचा उपाय म्हणजे दोन घरं एका वेळी. एक सुकत असताना दुसऱ्याचं सुतारकाम. दोन टोचण्यांचं ओलमापक यंत्र लाकडासाठी ठीक आहे. क्षार असलेल्या भिंतीत ते कोरड्या जागीही जास्त ओल दाखवतं. भिंतीसाठी खोलवर छिद्र पाडून निघालेली भुकटी कार्बाइडच्या बंद डब्यात तपासावी लागते, ओलीमुळे तयार होणाऱ्या वायूच्या दाबावरून ओल कळते.

लाकूडकामात सगळ्यात आधी तुळईची टोकं पाहावीत. मधला भाग खणखणीत दिसतो आणि भिंतीत गेलेलं टोक हाताने कुस्करतं. टोकदार आरी (टोचणी) लाकडाच्या रेषांना आडवी टोचून किती खोल जाते ते बघायचं. ओल २० टक्क्यांच्या खाली ठेवली तर बुरशी वाढत नाही. म्हणून टोक बदलण्याआधी ते ओलं का होतं ते मिटवायचं. कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून त्याच जातीचा, तेवढाच वाळलेला तुकडा तिरक्या जोडाने जोडतो. जोडाची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट ते चौपट, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. ओकसारख्या लाकडातलं टॅनिन साधं लोखंड खातं आणि भोवतीचं लाकूडही काळं पडतं. टोकाभोवती १५ ते २० मिलिमीटर मोकळी हवा ठेवायची. भिंतीत गच्च चिणलेलं टोक पुन्हा कुजतं. किड्याची भोकं दिसली म्हणून सगळीकडे औषध फवारत बसायचं नाही. भोकाखाली ताजी फिकट भुकटी नसेल तर किडा बहुधा केव्हाच गेलेला असतो.

छपराचं काम त्यामानाने सरळ आहे. कौल उतरवताना प्रत्येकावर बोटाच्या गाठीने ठोकायचं. खणकन वाजलं तर परत चढवायचं, बद्द वाजलं तर त्यात तडा आहे. चांगली जुनी कौलं रस्त्याकडच्या पाख्यावर एकत्र घालायची, नवी मागे. गळतीचं मूळ बऱ्याचदा कौलात नसून गंजलेल्या खिळ्यांत आणि धुराड्याभोवतीच्या पत्र्यात असतं. शिशाचा पत्रा दीड मीटरपेक्षा लांब एकसंध टाकला की उन्हात ताणून आणि रात्री आकसून तो फाटतो. वळचणीला हवेची फट हवीच. तिच्यात इन्सुलेशन कोंबलं की माळ्यावरच्या लाकडावर पाणी धरतं.

वायरिंग आणि नळ पूर्ण नवे घालतो, त्यात वाद नाही. खिडक्या मात्र शक्यतो बदलत नाही. जुन्या खिडकीचा खालचा आडवा भाग कुजलेला असतो, बाकी चौकट नव्या लाकडापेक्षा दाट आणि टिकाऊ निघते. जवसाच्या तेलाची पुट्टी वर साय धरेपर्यंत थांबून रंगवायची, आणि रंग काचेवर दोन मिलिमीटर चढवायचा म्हणजे सांध्यात पाणी शिरत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांसाठी त्यावर बंदी आली तीही १९७८ मध्ये. म्हणून आधी चाचणी, कोरडं घासणं नाही आणि ज्योतीने जाळणं तर मुळीच नाही.

विकायला लागल्यावर एक प्रश्न सारखा पुढे आला: यातलं मूळ किती? घर ‘ऐतिहासिक’ म्हणून विकायचं तर याचं उत्तर नेमकं हवं. लाकडावर करवतीच्या कमी-जास्त अंतराच्या, पण सरळ खुणा असतील तर ते हाताने कापलेलं, कमानदार खुणा असतील तर गोल यंत्र-करवतीचं, म्हणजे त्यामानाने अलीकडचं. घडीव खिळा, कापीव खिळा आणि तारेचा खिळा हाच क्रम काळाचाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत, म्हटलंय की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवा भाग एकूण रूपात मिसळला तरी मुळापासून ओळखता आला पाहिजे. आम्ही हे शब्दशः पाळतो. नव्या तुकड्याच्या न दिसणाऱ्या बाजूला वर्ष कोरतो, आणि पुरावा नाही तिथे नक्षी घालत नाही. जुनं दिसावं म्हणून नव्या लाकडाला खिळ्यांनी ओरबाडणं हा प्रकार आम्हाला पटत नाही.

घराबरोबर एक फाईल देतो. तीत झाकण्याआधीच्या प्रत्येक तुळईच्या टोकाचा आणि चराचा फोटो, प्रत्येक भिंतीतल्या मसाल्याचं प्रमाण, रंगाच्या थरांचे नमुने आणि महिन्यागणिक ओलीची नोंद असते. महिना महत्त्वाचा. कोरड्या ऋतूतला एकच आकडा दाखवणाऱ्या विक्रेत्याकडे ओल्या ऋतूतला आकडा मागावा.

सध्या विक्रीला असलेल्या घरात पाच तुळयांपैकी दोघींची टोकं नवी आहेत, मागचं पाखं नव्या कौलांचं आहे, पुढच्या खिडक्यांच्या काचा बहुतेक जुन्याच. उत्तरेची भिंत अजून पूर्ण सुकलेली नाही. आकडे उतरत आहेत, पण बाकीच्या भिंतींपेक्षा वर आहेत. त्या भिंतीला आतून फक्त पातळ सफेदीचे पाच हात दिले आहेत, गिलाव्याचा शेवटचा थर बाकी आहे आणि तो आमच्या खर्चाने, भिंत सुकल्यावर होईल. तोवर तिथे कपाट ठेवायचं तर मागे ५० मिलिमीटर जागा सोडावी, आणि त्या भिंतीवर प्लास्टिक रंग, वॉलपेपर किंवा वॉटरप्रूफिंग यांपैकी काहीही लावू नये. पन्हळी वर्षातून दोनदा साफ कराव्या लागतील. शिडी टेकवायचे दोन लोखंडी आकडे वळचणीखाली दगडातच बसवून ठेवले आहेत.