तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांचा सत्कार वेगळा कशाला?

मी पुण्यात व्यवस्थापन शिकवते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून शिकून गेलेल्या कृष्णवर्णीयांची स्वतःची संघटना आहे आणि ती आपल्यातल्या माणसांना व्यवसायातल्या कर्तृत्वासाठी, समाजासाठी केलेल्या कामासाठी गौरवते, असं वर्गात सांगितलं की एक हात वर होतोच. "मॅडम, इतक्या मोठ्या ठिकाणी शिकले, मग सत्कार वेगळा कशाला?" नातेवाइकांनीही हे मला कितीदा विचारलंय. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

हॉवर्ड नेलर फिट्झह्यू हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९३३ साली त्यांनी हार्वर्डची एमबीए पदवी घेतली. हातात एवढी पदवी, आणि मोठ्या कंपन्यांची दारं बंद, कारण कातडीचा रंग. ते वॉशिंग्टनला परतले. तिथे कृष्णवर्णीय तरुणांची एक चळवळ तेव्हाच उभी राहत होती: जे दुकान आपल्याला नोकरी देत नाही, तिथे आपण खरेदी करायची नाही. फिट्झह्यू त्यात होते. दुकानांसमोर फलक घेऊन उभं राहण्याचा हक्क या लोकांनी १९३८ साली थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. १९३४ पासून तीस वर्षांहून अधिक काळ फिट्झह्यू वॉशिंग्टनच्याच हॉवर्ड विद्यापीठात (हार्वर्ड नव्हे) शिकवत राहिले. पेप्सीत मोठ्या हुद्द्यावर गेले ते १९६५ मध्ये. पदवी आणि ते पद यांच्यामध्ये बत्तीस वर्षं! मी स्वतः शिक्षक आहे म्हणून असेल, पण मला त्या पदापेक्षा मधली वर्षं मोठी वाटतात.

कारण त्याच वर्षांत लिलियन लिंकन त्यांच्या वर्गात येऊन बसली. व्हर्जिनियातल्या एका शेतावर वाढलेली मुलगी. शाळा संपल्यावर न्यूयॉर्कला गेली, तिथे घरकाम केलं, मग वॉशिंग्टनमध्ये टायपिस्ट झाली आणि बाविसाव्या वर्षी कॉलेजात शिरली. हार्वर्डला अर्ज कर, असं फिट्झह्यूंनी तिच्या मागे लागून सांगितलं. ज्या शाळेची पदवी त्यांना स्वतःला नोकरी देऊ शकली नव्हती, तिथेच त्यांनी तिला पाठवलं. हे लिहितानासुद्धा मला भरून येतं.

१९६७ मध्ये ती तिथे पोचली. सुमारे आठशे जणांचा वर्ग, त्यात कृष्णवर्णीय जेमतेम सहा, आणि कृष्णवर्णीय बाई ती एकटीच. १९६८ मध्ये तिने आणि चार वर्गमित्रांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना काढली. डीन, म्हणजे शाळेचे प्रमुख, जॉर्ज बेकर यांच्याकडे जाऊन हा आकडा वाढवाच, असं सांगितलं. आणि नुसतं सांगून घरी बसले नाहीत, मुलं शोधायला स्वतः बाहेर पडले. पुढच्या तुकडीत सत्तावीस कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. अभ्यास सांभाळून, कर्ज डोक्यावर असताना, आपल्यामागून येणाऱ्यांसाठी केलेलं हे काम. त्याचा पैसा मिळणार नव्हता, परीक्षेत गुणही नाहीत. व्यवसायातलं कर्तृत्व आणि समाजसेवा हे दोन शब्द सन्मानात जोडीने का येतात, ते इथे कळतं. या लोकांसाठी त्या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

१९६९ मध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली, हार्वर्डची एमबीए झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९७६ मध्ये स्वतःच्या घराच्या गॅरेजमधून इमारतींच्या साफसफाईची कंपनी सुरू केली. ती वाढत वाढत बाराशे कामगारांपर्यंत गेली. २००३ साली शाळेने तिला माजी विद्यार्थ्यांचा आपला सर्वोच्च सन्मान दिला.

"मग शाळेने दिला ना सन्मान? वेगळ्याची गरज काय?" हा पुढचा प्रश्न. अहो, मधे चौतीस वर्षं गेली. आणि त्यानंतरही सगळं सुरळीत झालं नाही. जून २०२० मध्ये तेव्हाचे डीन नितीन नोहरिया, आपल्याच देशातून गेलेले, यांनी शाळेच्या वतीने माफी मागितली: वंशभेदाशी आम्ही लढायला हवं तितकं लढलो नाही. शाळेला शंभराहून जास्त वर्षं झाल्यावरची ही कबुली. तोवर कुणी कुणाला हात दिला, कुणामुळे कोण आत आलं, याची आठवण ठेवली ती त्यांच्या त्यांच्या माणसांनी. त्या विद्यार्थी संघटनेची वार्षिक परिषद आजही फिट्झह्यूंच्या नावाने भरते. आपल्या माणसाचं नाव आपणच घेतलं नाही, तर दुसरं कोण घेणार होतं?

आपला काय संबंध, असंही विचारतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना. संबंध जुना आहे, आणि तो पुण्यातूनच जोडलेला आहे.

मागच्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी थांबली. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी होती. तिची आई हिंजवडीत एका कंपनीत हाउसकीपिंगला आहे, पहाटे पाचची बस पकडते. बाकीच्यांनी हार्वर्डबद्दल विचारलं होतं, हिने विचारलं, "मॅडम, ती कंपनी काढणाऱ्या बाईंनी स्वतः कधी फरशी पुसली होती का?"

म्हटलं, "हो. न्यूयॉर्कमध्ये, दुसऱ्यांच्या घरी. हार्वर्डच्या आधी."

तिने वही पुन्हा उघडली आणि ते नाव मला परत एकदा, अक्षर अक्षर करून सांगायला लावलं.