पाच वर्षांचा नर कुठे जगतो: गनिसन खोऱ्यातली म्यूल डियरची शिकार

म्यूल डियरचा मोठा नर हवा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं युनिट, म्हणजे शिकारीसाठी आखलेला कुठला विभाग? उत्तरंही ठरलेली असतात. ॲरिझोना स्ट्रिप, कैबाब पठार, युटातलं पॉनसॉगंट, हेन्री माउंटन्स. या नावांत खोटं काही नाही, पण बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथलं टॅग, म्हणजे एक नर मारायचा परवाना, लॉटरीत लागेपर्यंत गुडघे दुखायला लागलेले असतात. मी कोलोरॅडोत राहतो. नोव्हेंबरात तिसऱ्या रायफल सीझनला इथल्याच गनिसन खोऱ्यात जाऊन आलो. पुढे जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय, म्हणून यात गोळी झाडल्याची गोष्ट थोडी आहे आणि जागा कशी निवडली हे जास्त.

चितळ-सांबर पाहिलेल्यांसाठी ओळख करून देतो. कान खेचरासारखे मोठे, शेपटीचं टोक काळं, आणि बिथरला की चारही पाय एकदम उचलून उड्या मारत चढावर पळतो. शिंगांचा मुख्य दांडा दोन फाट्यांत फुटतो आणि प्रत्येक फाटा पुन्हा दोनांत. १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या मोजमापात नेहमीच्या घडणीच्या शिंगांना १९० गुण मिळाले तर नाव कायमच्या नोंदवहीत जातं. जागतिक विक्रम २२६ आणि ४/८ गुणांचा आहे. तो नर १९७२ मध्ये कोलोरॅडोच्याच डोलोरेस काउंटीत मारला गेला आणि अजून कुणी त्याच्या पुढे गेलेलं नाही. आयुष्यभर शिकार करणाऱ्या बहुतेकांना १९०चा नर दुर्बिणीतूनही दिसत नाही. त्यामुळे मी 'ट्रॉफी' म्हणतो तेव्हा पूर्ण वाढलेला, निदान पाच वर्षांचा नर, एवढाच अर्थ घ्या.

शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने फुटतात. पाच ते सात वर्षांच्या वयात ती सगळ्यात भरदार असतात. लोक तासन् तास आनुवंशिकतेवर वाद घालतात. अमुक खोऱ्यातलं रक्तच वेगळं, वगैरे. असेलही, पण रक्त नकाशावर दिसत नाही. नर पाच वर्षं जगू शकेल अशी जागा कुठली, हे मात्र घरबसल्या बरंचसं शोधता येतं. माझी सगळी निवड त्या एकाच प्रश्नावर झाली.

नराच्या वाटेत मोठे अडथळे दोन, रायफल आणि हिवाळा.

रायफलचं आधी. १९९९ पासून कोलोरॅडोत हरणाची रायफल टॅगं मर्यादित आहेत, सगळी ड्रॉमधून, म्हणजे लॉटरीतून. राज्याचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं प्रत्येक युनिट आणि सीझनची टॅगं किती, अर्ज किती, किती पॉइंटवाल्याला लागलं (पॉइंट म्हणजे आधीच्या वर्षांच्या अर्जांतून साठलेला प्राधान्यक्रम) आणि किती जणांनी नर मारला हे दरवर्षी छापतं. नवखा माणूस यशाची टक्केवारी बघतो आणि फसतो. साठ-सत्तर टक्के यश म्हणजे नर भरपूर आहेत एवढंच. ते दीड वर्षांचे, वीतभर शिंगांचेही असू शकतात. मी आधी शंभर माद्यांमागे नर किती उरले तो आकडा शोधतो. सीझन संपल्यावर हेलिकॉप्टरमधून मोजणी होते आणि तो आकडा कळपाच्या व्यवस्थापन आराखड्यात मिळतो. वीसच्या खाली असेल तर उरलेले बहुतेक पोरसवदाच असणार. तिशीच्या वर असेल तर म्हातारे शिल्लक आहेत असं धरून पुढे वाचायचं. गनिसन खोऱ्यातली ५४, ५५, ५५१, ६६ आणि ६७ ही युनिटं मोठ्या नरांसाठी नावाजलेली आहेत, ती मुख्यतः टॅगं हात आखडून दिल्यामुळे.

हिवाळ्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि माझ्या मते तिथेच खरी मेख आहे. २००७-०८ च्या हिवाळ्यात याच गनिसनमध्ये इतका बर्फ पडला की वन्यजीव खात्याला हरणांना खाद्य टाकावं लागलं. २०२२-२३ चा हिवाळा वायव्य कोलोरॅडो आणि पश्चिम वायोमिंगवर असाच कोसळला. वायोमिंग रेंजच्या कळपात माग ठेवण्यासाठी रेडिओ कॉलर लावलेली पाडसं जवळजवळ सगळी मेली. आता गणित करा. जून २०२२ मध्ये जन्मलेलं पाडस जगलं असतं तर २०२७ च्या शरदात पाच वर्षांचं झालं असतं. ते मेलं, म्हणजे त्या वर्षी त्या भागात पाच वर्षांचे नर नसल्यातच जमा. वाचलेल्या माद्या खंगलेल्या असतात, त्यामुळे पुढच्या वर्षीची पाडसंही कमीच निपजतात. म्हणून २०२७-२८ साठी पॉइंट खर्च करणाऱ्याने तिकडची जुनी कीर्ती बाजूला ठेवावी. प्रत्येक युनिटच्या मागच्या सात-आठ हिवाळ्यांची अशी उजळणी करा. कंटाळवाणं काम आहे, पण फुकट आहे.

वणव्यांचंही असंच. उंचावरच्या जंगलात आग लागली की काही वर्षांत कोवळी झुडपं आणि ॲस्पेनची झाडं फुटतात, हरणं तिथे चरून धष्टपुष्ट होतात. पण खालच्या, सेजब्रश नावाच्या खुरट्या झुडपांच्या माळावर, जिथे ती हिवाळा काढतात, आग लागली तर सेजब्रश परत यायला दशकं जातात आणि मधल्या काळात चीटग्रास नावाचं निरुपयोगी गवत माजतं. जुलै २०२५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर, म्हणजे कैबाब पठारावरच, ड्रॅगन ब्राव्हो वणवा लागला. कैबाबवर डोळा असणाऱ्यांनी त्यात नेमका कुठल्या उंचीचा भाग जळला ते नकाशावर पाहूनच अर्ज करावा.

युनिटइतकाच सीझन महत्त्वाचा. कोलोरॅडोत पहिला रायफल सीझन फक्त एल्कचा, म्हणजे हरणाच्या थोरल्या भाईबंदाचा असतो. हरणाचा दुसऱ्यापासून सुरू होतो. ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या सीझनमध्ये मोठे नर एकटे, गर्द झाडीत दडून असतात. चौथा सीझन नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, नर माजावर आलेले, दिवसाउजेडी माद्यांमागे फिरणारे. पण त्याची टॅगं मूठभर, आणि त्यासाठी पॉइंटची थप्पी लागते. तिसरा मधला. बर्फ पडला तर सोनं, नाही पडला तर नुसती पायपीट. माझ्याकडचे पॉइंट त्याच्यापुरतेच होते.

ऑगस्टमध्ये एक फेरी मारली होती, पण त्या फेरीत नर शोधले नाहीत. उन्हाळ्यात ते दहा-बारा हजार फुटांवर असतात आणि नोव्हेंबरात तिथे काळं कुत्रंही नसतं. त्या फेरीचं काम होतं रस्ते बघायचं: कुठला रस्ता कुठे बंद होतो, कुठल्या सोंडेवर बसलं की समोरचा उतार पूर्ण दिसतो, सरकारी जमीन कुठे संपते. टोमिची ओढ्याकाठची हिरवी कुरणं पाहून जीव हरखतो. संध्याकाळी हरणं तिथेच उतरतात, पण ती बहुतेक खाजगी आहेत. कोलोरॅडोत कुंपण किंवा पाटी नसली तरी खाजगी जमिनीत परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. फोनमध्ये मालकीच्या हद्दी दाखवणारं ॲप हवंच, आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा. खोऱ्यात रेंज मिळेल या भरवशावर जाऊ नका. खात्याचा ऑनलाइन हंटिंग ॲटलासही बघा, त्यात उन्हाळी मुक्काम, हिवाळी मुक्काम आणि स्थलांतराचे मार्ग रंगवलेले आहेत. उन्हाळी आणि हिवाळी पट्ट्यांच्या मधला, रस्त्यापासून तासभर चालायला लागेल असा सरकारी जमिनीचा तुकडा मी निवडला.

नोव्हेंबरात मोनार्क खिंडीतून उतरलो. खिंड ११,३१२ फुटांवर. गाडीत चेन, फावडं आणि जाड रजई असू द्या. गनिसन गाव ७,७०० फुटांवर आहे, म्हणजे रात्री झोपतो तेच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सातशे मीटर वर. पुण्या-मुंबईहून किंवा टेक्साससारख्या सखल भागातून थेट येणाऱ्याने एक-दोन दिवस नुसतं हिंडावं, भरपूर पाणी प्यावं, मग डोंगर चढावा. थंडी विचारू नका. अमेरिकेतल्या गारठ्यासाठी बदनाम गावांपैकी हे एक. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, म्हणजे बर्फ आधी बुडाशी धरतो आणि झाकण उघडतं.

सोबत शेजारचा गृहस्थ होता, सत्तरीतला, तरुणपणापासून या खोऱ्यात येणारा. सुरुवातीला आभाळ निरभ्र, बर्फाचा पत्ता नाही. आम्ही पहाटे अंधारात सोंडेवर जाऊन बसायचो आणि दुर्बीण तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावून समोरचे उतार इंच इंच बघायचो. हातात धरलेल्या दुर्बिणीने काही होत नाही. हात हलतो आणि हरणाचा कान निसटतो. तिकाटण्यासाठी पैसे खर्च करा, रायफलसाठी नंतर. दिसल्या त्या माद्या आणि कोवळे नर. मी चुळबूळ करायला लागलो की म्हातारा म्हणायचा, माद्या कुठे आहेत ते लिहून ठेव, बाकी सोड. त्याच्या हिशेबाने बर्फ पडला की नर त्यांच्याकडेच येणार होता.

सीझन निम्मा सरल्यावर एका रात्री वीतभर बर्फ पडला. सकाळी झाडीतून खाली येणारे ताजे माग सगळीकडे. लिहून ठेवलेल्या माद्यांचा एक घोळका सेजब्रशमध्ये होता आणि मागून मान सुजलेला, नाक जमिनीला लावून चालणारा नर. रुंदी पंचविसेक इंच असावी, दांडे जाड, पण मागचे फाटे आखूड. शेजाऱ्याने स्कोपमधून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, पाठ खोलगट, पोट लोंबतं, म्हातारा आहे. वय ओळखायचं ते शरीरावरून; शिंगांवरून ओळखू गेलं की जोमदार तीन वर्षांचा नर हमखास मारला जातो. अडीचशे यार्डांच्या आत, बसून, टेकू घेऊन एक गोळी. दाढा झिजून सपाट झालेल्या होत्या. नोंदवहीच्या जवळपासही जाणारा नव्हता. मला हवा होता तसाच होता.

खरी मेहनत त्यानंतर. चारही पायांचं आणि पाठीचं मांस बाहेर काढणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नुसती शिंगं घेऊन धड टाकून जाणं कोलोरॅडोत गंभीर गुन्हा ठरतो. चोरट्या शिकारीला जबर दंड आहेच, शिवाय शिंगांची आतली रुंदी २२ इंच किंवा जास्त असलेला नर असेल तर वर १०,००० डॉलर. त्या कायद्याला सॅमसन कायदा म्हणतात, एस्टेस पार्कमध्ये १९९५ साली मारल्या गेलेल्या एका लाडक्या एल्कच्या नावावरून. तासाभराच्या वाटेवरून मांस पाठीवर आणायला आम्हाला तीन खेपा लागल्या, म्हणून जागा निवडताना परतीचा चढ आधी बघा.

आता कागदपत्रं. १ जानेवारी १९४९ किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. ड्रॉचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. रायफल निदान ६ मिलिमीटरची हवी. अंगावर ५०० चौरस इंच झळाळता नारिंगी किंवा गुलाबी रंग, डोक्यावरही तोच. आपल्या लोकांसाठी एक खास मुद्दा: एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, मात्र एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. परवान्याची मुदत आणि बंदूक हातात असण्याचा काळ जुळायला हवा, आणि बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या. वायोमिंगला जायचं तर आणखी एक गोम: बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथल्या घोषित वाइल्डरनेसमध्ये वाटाड्या किंवा स्थानिक सोबती असल्याशिवाय शिकार करता येत नाही. नकाशावर भुरळ घालणारी बरीच जागा त्यातच जाते. आणि शिंगं भारतात न्यायचा बेत कुणी करू नका, कस्टममध्ये नसता घोळ होईल.

मांसाचं म्हणाल तर काळ्या मसाल्यात कुकरला लावलेलं मटणापेक्षा सुकं पण चवीला सरस लागतं. चरबी सगळी काढून टाका, उग्र वास तिचाच असतो. शिजवण्याआधी मात्र तपासणी. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग पहिल्यांदा १९६७ मध्ये याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डियरमध्ये लक्षात आला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोगट जनावराचं मांस खाऊ नये असंच आरोग्य यंत्रणा सांगतात. काही युनिटांत त्या त्या वर्षी तपासणी सक्तीची असते. यादी परवान्याच्या पुस्तिकेत पाहा. सक्ती नसली तरी डोकं खात्याच्या केंद्रावर जमा करा, आणि कवटी भिंतीवर लावायची असेल तर नमुना काढण्याआधी तिथल्या माणसाला तसं सांगा. कापताना पाठीचा कणा आणि मेंदूला सुरी लावू नका. निकाल येईपर्यंत फ्रीझरमधल्या प्रत्येक पाकिटावर टॅगचा नंबर टाकून ठेवा. दोन हरणांचं मांस एकत्र करून खिमा केला आणि एकाचा निकाल वाईट आला, तर सगळंच फेकावं लागतं.