पैसे ज्याचे, नजर त्याची

घरखर्चाची नोंद ठेवणाऱ्या एका ॲपची युजेबिलिटी टेस्ट, म्हणजे लोकांना ते वापरायला देऊन कुठे अडतात हे बघायची चाचणी, मी घेत होते. टीमने दिलेले टास्क सुटसुटीत होते: ‘घरसामान या वर्गात नवा खर्च जोडा’, ‘महिन्याचा अहवाल उघडा’. पण ‘खर्च जोडा’ हेच शब्द बटणावरही होते. असा टास्क हातात पडला की माणूस फक्त अक्षरं जुळवतो. सकाळी आलेल्यांनी सगळं भराभर उरकलं आणि शेजारच्या खोलीतून बघणारी टीम खुशीत होती.

दुपारी येणाऱ्या बाईंना मी फोनवरच सांगून ठेवलं होतं, की तुमची स्वतःची बिलं आणा, नाव-नंबर झाकून. घरचा हिशेब त्याच बघत. ठरलेले टास्क त्यांनीही पटकन केले. मग मी म्हटलं, “आता तुमचा हिशेब यात ठेवा. मनात येईल ते बोलत राहा.”

पहिलंच बिल घेऊन त्या अडल्या. साबण, औषध, मुलीच्या वह्या, सगळं एकाच बिलावर. “हे कशात घालू?” ॲप एका बिलाला एकच वर्ग देत होतं. दुसऱ्या बिलातली एक वस्तू त्यांनी परत केली होती. वजाचं चिन्ह टाकून पाहिलं, ॲपने घेतलं नाही. तिसऱ्यातले निम्मे पैसे बहिणीकडून यायचे होते. आमच्या डमी डेटात असलं एकही बिल नव्हतं. बनावट बिलं लिहिणारा ॲपला झेपतील अशीच लिहितो, हे मी अनेक प्रोजेक्टमध्ये पाहिलंय.

खरा धक्का अहवालात बसला. बेरीज बघताक्षणी त्या म्हणाल्या, “छे, एवढे नाही झाले.” शोधलं तेव्हा कळलं: नोंद जतन होताना स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बटण पुन्हा दाबलं होतं आणि एक बिल दोनदा धरलं गेलं होतं. मी सकाळची रेकॉर्डिंग काढली. तिथेही दोघांची नोंद अशीच दुप्पट झाली होती. दोघांनी ती बेरीज मोठ्याने वाचली होती आणि “झालं” म्हणून पुढे गेले होते. त्यांचा काय दोष? पैसे त्यांचे नव्हते.

संध्याकाळच्या बैठकीत प्रॉडक्ट मॅनेजरांनी विचारलं, “प्रत्येकाची बिलं वेगळी, मग तुलना कशाची करायची?” प्रश्न रास्त होता. जुन्या आणि नव्या मांडणीत लागणारा वेळ मोजायचा तर सगळ्यांना एकच काम द्यावं लागतं, तिथे कृत्रिम टास्कच हवा. नोंदी पुसण्याची चाचणीही डमी डेटावरच घ्यायची. कुणाचा खरा हिशेब पणाला लावायचा नाही, याबाबत मी हट्टी आहे. पण आम्ही अजून मोजण्याच्या पायरीवर आलोच नव्हतो. लोक कुठे अडतात, हेच शोधत होतो. आयएसओ 9241-11 या मानकाची 1998 ची आवृत्ती घ्या की 2018 ची, उपयोगसुलभतेची, म्हणजे युजेबिलिटीची, व्याख्या वापरणाऱ्याचं उद्दिष्ट आणि वापराची परिस्थिती धरूनच केलेली आहे. ‘अहवाल उघडा’ हे कुणाचं उद्दिष्ट असतं? महिनाअखेर पैसे कुठे गेले, हे माणसाला कळायला हवं असतं.

तुलनेसाठी एक ठरावीक बिलसंच करायचं ठरलं: एक मिश्र बिल, एक परताव्याचं, एक वाटून घ्यायचं. टास्कच्या वाक्यांतून बटणांवरचे शब्द काढले. त्याआधीच्या सेशनना मात्र प्रत्येकाने स्वतःची बिलं आणायची. दुहेरी नोंदीची दुरुस्ती पुढच्या फेरीची वाट न बघता त्याच संध्याकाळी सुरू झाली.