दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या

श्रावणी सोमवार

पल्मोनरी हायपरटेन्शनच्या, म्हणजे फुप्फुसांच्या धमनीतला दाब वाढण्याच्या आजाराच्या, रुग्णाला त्याच्या स्वतःच्या गोळ्यांनी काय त्रास होईल, हे बहुधा सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. घोळ होतो तो घरातल्या दुसऱ्या डब्यामुळे. सासऱ्यांची छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी, त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल, सर्दीची स्ट्रिप, उपासाचं सैंधव. यांचा आपल्या औषधाशी काही संबंध असेल अशी शंकाही कुणाला येत नाही.

आज उपास, म्हणून आधी तेच. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेन्टान, अँब्रिसेन्टान, मॅसिटेन्टान ही या आजाराची औषधं रिकाम्या पोटीही चालतात, त्यामुळे उपासासाठी डोस चुकवायचं कारण नाही. सेलेक्सिपॅग मात्र खाण्याबरोबर घेतलं तर मळमळ आणि जुलाब कमी होतात. खरी अडचण निर्जळी उपासाची. लघवीची गोळी घ्यायची आणि दिवसभर पाणी नाही, म्हणजे संध्याकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणारच. आणि सैंधव हेही मीठच, त्यातही सोडियमच. बटाट्याचे वेफर्स आणि तळलेले पापड खाऊन मंगळवारी पाय सुजतात, तेव्हा दोष गोळीला दिला जातो. ‘लो सोडियम’ मिठाची पिशवी आणणाऱ्यांनी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम शरीरात धरून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असताना ते मीठ, वर रोज दोन शहाळी, असं झालं तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

मंगळवार

सिल्डेनाफिल 20 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. शरीरातलं त्याचं प्रमाण साधारण चार तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तीन वेळा. ठाण्याहून सकाळी सातच्या आत लोकल पकडणाऱ्याला सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा या वेळा जमतात. चुकते ती नेहमी दुपारचीच, कारण गोळ्या घरी आणि माणूस ऑफिसात. डब्याच्या पिशवीत दोन दिवसांच्या गोळ्या कायमच्या ठेवल्या की हा प्रश्न बराचसा मिटतो. दुपारची गोळी पाच वाजता आठवली तर तेव्हाच घ्यावी. रात्री नऊला आठवली तर सोडून द्यावी आणि दहाची नेहमीसारखी घ्यावी. दोन एकदम कधीच नाहीत. टाडालाफिल रोज एकदाच, सहसा 40 मिलिग्रॅम, म्हणजे 20 च्या दोन गोळ्या एकदमच. त्याने पाठ आणि मांड्या दुखतात. आदल्या दिवशी जास्त चाललो म्हणून दुखतंय, असं लोक समजतात.

डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे रक्तवाहिन्या सैल होण्याचंच लक्षण. पोटात जळजळही होते. बहुतेकांना काही आठवड्यांत सवय होते. तोवर पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, त्याने पाणी साठतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दृष्टी किंवा ऐकू येणं अचानक गेलं तर मात्र वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

मेडिकलच्या काउंटरवर सिल्डेनाफिल हे नाव उच्चारायला लाजणाऱ्या बायका आणि नजर चुकवणारी पोरं पुष्कळ. औषध 1998 मध्ये लैंगिक तक्रारीसाठी बाजारात आलं, 2005 मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या या आजारासाठी मंजूर झालं. मूळ संशोधन हृदयविकाराच्या कळेवर चाललं होतं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून आजाराचं नाव लिहून घ्यावं, बोलणं वाचतं. आणि स्ट्रिपवरचा आकडा वाचावा. 20 नाही म्हणून 50 ची देऊन ‘तुकडे करा’ असं सांगणारे भेटतात. तुकडे सारखे पडत नाहीत.

बुधवार

‘बीपी तर नॉर्मल आहे, मग एवढ्या गोळ्या कशाला?’ हा प्रश्न घरोघरी. दंडावर मोजतात ते बीपी वेगळं, फुप्फुसांच्या धमनीतला दाब वेगळा. त्याचा अंदाज टूडी इकोवर येतो, खात्रीने मोजायचा तर हृदयात नळी घालावी लागते. दंडावरचं बीपी या रुग्णांत बऱ्याचदा कमीच असतं, म्हणून शेजारणीची बीपीची गोळी इथे औषध नव्हे.

गुरुवार

आता दुसरा डबा उघडून बघू.

पहिली सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेट जातीची गोळी. छातीत दुखलं की जिभेखाली, हे ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत पाठ आहे. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल चालू असलेल्या माणसाला ती दिली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की सावरायला वेळ मिळत नाही. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास, टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट नको. रोज घेणाऱ्याला या हिशेबात मोकळा तास सापडतच नाही. याच आजाराचं रिओसिग्वाट घेणाऱ्यांनाही तेच, शिवाय त्यांनी सिल्डेनाफिल आणि टाडालाफिलही घ्यायचं नाही. पाकिटात एक कार्ड हवं, ‘मला नायट्रेट देऊ नका’ असं मराठीत आणि इंग्रजीत. 108 ची गाडी आली तर पहिलं वाक्य हेच बोलायचं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या वतीने कार्डच बोलतं.

दुसरी गजकर्णाची कॅप्सूल. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, मांडीत खाज सुटते, इट्राकोनॅझोल लिहिलं जातं. शरीर ज्या वाटेने सिल्डेनाफिल आणि बोसेन्टान निकालात काढतं तीच वाट ते अडवतं. औषध साठत जातं, चक्कर येते. घशासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिनही तसंच. त्वचेच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवून मलमावर भागतं का, हे विचारावं.

टीबीचं रिफाम्पिसिन याच्या अगदी उलट. त्याने बोसेन्टान, मॅसिटेन्टान, सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांची रक्तातली पातळी घसरते. गोळ्या वेळेवर पोटात जात असतात, तरी एक-दोन आठवड्यांनी दम वाढतो आणि सगळे टीबीला दोष देतात. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलतील एवढं घडवून आणणं हे काम रुग्णाच्या घरच्यांवरच पडतं. पडू नये, पण पडतं.

मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइडची बोसेन्टानबरोबर बंदी आहे, दोन्ही मिळून यकृताला त्रास देतात. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, तेही नको. आणि रक्त पातळ करायची असेनोकुमारॉल चालू असेल तर श्रावणातल्या अळूवड्या, पालक, माठ बंद करायची गरज नाही, प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवलं की पुरे. आठवडाभर पालेभाजी आणि पुढचा आठवडा काहीच नाही, म्हणजे आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) वरखाली.

शुक्रवार

बोसेन्टान 62.5 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ चार आठवडे, मग सहसा 125. दर महिन्याला एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी. कशाला उगीच सुई, असं वाटतं, पण यकृताचे आकडे आधी चढतात आणि कावीळ नंतर दिसते. पावसाळ्यात दूषित पाण्यानेही कावीळ होते, त्यामुळे लघवी गर्द पिवळी झाली की ‘साथ आहे’ म्हणून झाडपाल्याचं औषध पाजण्याआधी रक्त तपासायचं. अँब्रिसेन्टानने घोटे सुजतात, मॅसिटेन्टानने हिमोग्लोबिन थोडं उतरतं.

तरुण बायकांना हे स्पष्ट सांगावं लागतं. या तिन्ही औषधांनी आणि रिओसिग्वाटने पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं, आणि या आजारात गरोदरपण आईच्याही जिवावर बेततं. बोसेन्टानमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. फक्त त्या गोळ्यांवर विसंबून राहता येत नाही. ‘लग्नाला दोन वर्षं झाली, मग?’ असं विचारणाऱ्या मावशींना उत्तर द्यायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

रविवार

टोर्सेमाइड ही लघवीची गोळी घेऊन ठाण्याहून परळला ओपीडीला जायचं म्हणजे परीक्षा. लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही, पुढे रांग. म्हणून लोक त्या दिवशी गोळीच खात नाहीत आणि डॉक्टरांना वजन नेहमीपेक्षा जास्तच दिसतं. आधी विचारून घरी परतल्यावर दुपारी घेता येते. फार उशिरा घेतली तर झोप मोडते. वजन रोज सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी, एकाच काट्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन.

यातली बरीच औषधं कोपऱ्यावरच्या दुकानात पडून नसतात. मागवावी लागतात. गणपतीत होलसेल बंद, रुळांवर पाणी, की मधले चार दिवस कोरडे. ही औषधं अशी एकदम तुटली तर दाब उसळू शकतो. सेलेक्सिपॅगला तर शिस्तच वेगळी. 200 मायक्रोग्रॅमपासून दर आठवड्याला चढवत नेलेला डोस तीन दिवस किंवा जास्त चुकला, तर पुन्हा खालून सुरू करावा लागतो, जबडा दुखण्यासकट. तेव्हा स्ट्रिपमध्ये पंधरा दिवसांच्या उरल्या की पुढची ऑर्डर द्यायची, आणि नवी स्ट्रिप डब्यात जुनीच्या खाली ठेवायची.