कॅरिबूच्या वाटेवर: गाडीवान, घोडे आणि चाऱ्याचं गणित

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या नकाशावर कॅश क्रीकच्या उत्तरेला गेलं की गावांच्या नावांत एकदम आकडे यायला लागतात. ७० माइल हाउस, १०० माइल हाउस, १०८ माइल रँच, १५० माइल हाउस. हे मैल लिलुएट गावापासून मोजलेले आहेत, कारण गुस्टाव्हस ब्लिन राइट या कंत्राटदारानं १८६२ साली तिथून रस्ता बांधायला घेतला होता. 'हाउस' म्हणजे वाटेवरचा मुक्काम. जेवण, दारू, जमिनीवर का होईना पण पाठ टेकायला जागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घोड्यांना तबेला.

व्हँकुव्हरकडून या रस्त्यानं बार्करव्हिल या जुन्या खाणगावाला जाणारे बहुतेक जण सोन्याची गोष्ट ऐकायला जातात. आमच्या बाबांना सोन्यात काडीचा रस नव्हता. आजोबांच्या बैलगाड्या होत्या, गुळाच्या ढेपा कोल्हापूरला शाहूपुरीत पोचवायच्या. बाबांचं अर्धं लहानपण त्या साट्यावर बसून गेलं. त्यामुळे आमची सहल गाडीवानांच्या मागावर निघाली, आणि खरं सांगायचं तर या रस्त्याची गोष्ट त्यांचीच आहे.

सुरुवात येल गावापासून. फ्रेझर नदीतून आगबोटी इथपर्यंतच यायच्या, पुढे खडकाळ दरी आणि खळाळ. सोनं मात्र साडेसहाशे किलोमीटर आत, कॅरिबूच्या डोंगरात. १८६२च्या ऑगस्टमध्ये बिली बार्करच्या खाणीत घबाड सापडलं आणि हजारो माणसं तिकडे धावली. त्यांना पीठ, डुकराचं मांस, कुदळी, खिळे, व्हिस्की कोण पोचवणार? आधी खेचरांचे तांडे होते. त्यातला कॅटलाइन नावाचा फ्रेंच तांडेवाला अजून लोकांच्या तोंडी आहे. कुणीतरी चक्क दोन वशिंडांचे उंटही आणून पाहिले. त्यांच्या वासानं खेचरं बिथरायची आणि दगडांनी उंटांचे तळवे सोलून निघायचे. तो प्रयोग लवकरच बारगळला. शेवटी गव्हर्नर डग्लसनं येलपासून १८ फूट रुंद गाडीरस्ता काढायचं ठरवलं. रॉयल इंजिनिअर्स (ब्रिटिश लष्कराची बांधकाम तुकडी) आणि खाजगी कंत्राटदारांनी तो १८६५पर्यंत बार्करव्हिलला नेऊन भिडवला. दरीतला बराचसा जुना रस्ता १८८०च्या दशकात रेल्वे बांधताना उद्ध्वस्त झाला. त्यानंतर गाड्या येलऐवजी अ‍ॅशक्रॉफ्ट स्टेशनवर भरायला लागल्या.

अ‍ॅशक्रॉफ्टला आम्ही गाडीतून उतरलो तर अंगावर भट्टीची वाफ आली. कॅनडा म्हणजे हिरवीगार झाडी आणि बर्फ, अशी समजूत असेल तर इथे यावं. रखरखीत पिवळे डोंगर आणि राखाडी झुडपं. बाबा म्हणाले, "अगं, हे तर माणदेशासारखं दिसतंय."

तिथून थोडं पुढे हॅट क्रीक. मुक्कामाचं जुनं लाकडी घर, तबेला आणि कोठारं सगळं जपून ठेवलंय. १८८१मध्ये ही जागा स्टीव्ह टिंगलीनं घेतली. हा मूळचा बीएक्स कंपनीचा, म्हणजे बर्नार्ड्स एक्सप्रेसचा, घोडागाडी हाकणारा. पुढे कंपनीचाच मालक झाला. कंपनी काढणारा फ्रान्सिस बर्नार्ड तर येलपासून पाठीवर टपालाची थैली घेऊन पायी निघालेला माणूस.

प्रवाशांच्या लाल-पिवळ्या गाड्या बार्करव्हिलला चारेक दिवसांत पोचायच्या, कारण दर टप्प्याला ताजे घोडे जुंपले जायचे. मालाच्या गाड्यांचं तसं नव्हतं. सहा, आठ, कधी दहा घोडे किंवा खेचरं जोडीजोडीनं एका लांब साखळीला जुंपलेली, मागे एकाला एक अडकवलेल्या दोन-तीन गाड्या, त्यात काही टन माल. तेच घोडे शेवटपर्यंत. दिवसाची मजल १२-१५ मैलांची, म्हणजे अ‍ॅशक्रॉफ्टहून निघालेला माल तीन-चार आठवड्यांनी ठिकाणी.

आणि गाडीवान गाडीत बसायचाच नाही! तो स्वार व्हायचा गाडीच्या लगत जुंपलेल्या डाव्या घोड्यावर. हातात एकच लांब दोर, तो थेट सगळ्यात पुढच्या डाव्या घोड्याच्या तोंडापर्यंत. दोर सलग ओढला की डावीकडे, झटके दिले की उजवीकडे. बाकीचे घोडे पुढच्या जोडीमागे जायचे. वळण आलं की खरी गंमत. पुढचे घोडे वळणापलीकडे गेले की साखळी सरळ ताणली जाते आणि गाडी कडा कापून दरीत जायला बघते. म्हणून मधल्या जोड्यांना शिकवलेलं असायचं: हाक मारली की साखळीवरून पाय टाकून बाहेरच्या बाजूला जायचं, आणि गाडी वळेपर्यंत तिरकं ओढत राहायचं. बाबांनी हे मला दोनदा समजावून सांगायला लावलं. मग म्हणाले, "बैल नसतं ऐकलं."

आता चाऱ्याचं गणित. ओझं ओढणाऱ्या मोठ्या घोड्याला दिवसाला १२-१५ किलो गवत-दाणा लागतो. आठ घोडे म्हणजे रोजचे शंभर किलो. तीन आठवड्यांचे झाले दोन टनांच्या वर, तेही फक्त जातानाचे. तो चारा गाडीतच भरून न्यायचा म्हटलं तर विकायच्या मालाला जागा किती उरली? म्हणजे हा रस्ता चालायचा तर दर दहा-पंधरा मैलांवर कुणीतरी जमीन फोडून ओट आणि गवत पिकवत बसलेलं असणं भाग होतं.

ती माणसं होती नव्यानं जमीन धरून बसलेले शेतकरी. १८६०च्या जाहीरनाम्यानं १६० एकरांवर हक्क सांगायची सोय झाली होती. जमीन मोजणी व्हायच्या आधीच ताब्यात घ्यायची, तिथे राहायचं, ती सुधारायची, पैसे नंतर. इंग्लंडहून आलेल्या कॉर्नवॉल बंधूंनी १८६२मध्ये अ‍ॅशक्रॉफ्टजवळ अशीच जागा धरली, मुक्कामाचं घर बांधलं, पिठाची आणि लाकडाची गिरणी घातली. हौस म्हणून शिकारी कुत्रे घेऊन कोल्ह्यांऐवजी कायोटी नावाच्या लांडग्यासारख्या प्राण्यांच्या मागे घोडे पिटाळायचे. थोरला क्लेमेंट पुढे प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. सोन्याच्या मागे धावलेला बिली बार्कर मात्र १८९४मध्ये व्हिक्टोरियात कफल्लक होऊन मेला.

'मोकळी जमीन' हे शब्द इथल्या फलकांवर वाचले की मला खटकतं. ती इथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे सेक्वेपेम (शुस्वाप) आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची होती. १८६२च्या देवीच्या साथीनं त्यांची गावंच्या गावं रिकामी झाली, आणि १८६६च्या कायद्यानं गव्हर्नरच्या खास परवानगीशिवाय त्यांना स्वतःच्याच मुलखात अशी जमीन धरायला बंदी केली. हॅट क्रीकला शुस्वापांचं जमिनीत अर्धं खोदलेलं हिवाळी घर उभारून दाखवलंय. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं; सगळी रांग घोडागाडीच्या फेरीला.

१०० माइल हाउसला बीएक्सची जुनी गाडी ठेवलीय, १०८ला १९०८ साली ओंडक्यांनी बांधलेला भलाथोरला तबेला आहे, क्लाइड्सडेल जातीच्या ओझं ओढणाऱ्या दांडग्या घोड्यांसाठीचा. आत आमच्या सोसायटीचं पार्किंग मावेल. दोन्ही ठिकाणी फार वेळ लागत नाही.

वेळ द्या तो कॉटनवुड हाउसला. क्वेनेल गावाहून बार्करव्हिलकडे वळल्यावर हे लागतं. जॉन आणि जॅनेट बॉइड १८७४मध्ये इथे आले आणि हे घर १९५१पर्यंत त्यांच्याच घराण्याकडे राहिलं. दहा मुलं, शेती, गुरं, दुकान, मुक्कामाच्या खोल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या घोड्यांची उस्तवार. बाईंचा दिवस कधी सुरू व्हायचा आणि कधी संपायचा, देव जाणे. गाडीवान रात्री बेरात्री येणार, त्यांना गरम जेवण हवं, पहाटे पुन्हा न्याहारी. मला तरी त्या स्वयंपाकघरातून पाय निघेना.

बार्करव्हिल बाराशे मीटरपेक्षा उंच आहे, ऑगस्टमध्येही संध्याकाळी स्वेटर लागला. १८६८च्या आगीत जळालेलं आणि लगेच पुन्हा बांधलेलं हे गाव आता पूर्ण संग्रहालय आहे. चिनी वस्ती चुकवू नका. माझं लक्ष वेधलं ते घोड्यांच्या बर्फातल्या पादत्राणांनी: खुराला पट्ट्यांनी आवळायच्या गोल चकत्या, कारण हिवाळ्यात चाकं काढून घसरगाड्या जुंपल्या तरी घोडा पोटापर्यंत रुतायचा. बाबा लोहाराच्या दुकानासमोर रमले. चाकाची लोखंडी धाव तापवून लाल करायची, लाकडावर चढवायची, वर पाणी ओतून आवळायची. "आमचा लोहार असंच करायचा," ते त्या इंग्रजी बोलणाऱ्या पोराला मराठीतच सांगत होते, आणि तो मान डोलवत होता.

१९१०मध्ये बीएक्स कंपनीनंच विंटन मोटारी आणल्या, १९२१मध्ये रेल्वे क्वेनेलला पोचली, आणि लांब पल्ल्याची घोड्यांची मालवाहतूक संपली. गावातून फेरी मारणारी घोडागाडी मात्र अजून आहे. उतरल्यावर बाबांनी हाकणाऱ्या मुलीला माझ्यामार्फत विचारलं की चारा इथेच पिकतो का. ती हसली, "इतक्या वर कुठे? खाली क्वेनेलकडून ट्रकनं येतो."